वरवंट्याचे तांबडे पाय

घरोघरी मिक्सर आले आणि आमची चूल मंदावली. आमच्या घराची त्या काळातली सगळी कहाणी एवढ्या एका वाक्यात सांगून होते, पण वाचणाऱ्याला ते पुरायचं नाही. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, पाट्या-वरवंट्यांना आणि जात्यांना टाकी लावायचे. दगड वापरून वापरून गुळगुळीत झाला की मसाला त्यावर नुसता घसरतो, वाटला जात नाही. मग छन्नी-हातोडीनं त्याला पुन्हा बारीक खाचा पाडाव्या लागतात. दादा उदगीरकडच्या खेड्यातून हैदराबादला आले ते हातोडी घेऊनच, आणि गौलीगुड्याच्या एका खोलीत आम्ही राहायला लागलो. सकाळी खांद्याला पोतं अडकवून ते अफझलगंजच्या गल्ल्यांत शिरायचे. त्यांची हाक धड मराठी नव्हती, उर्दू नव्हती की तेलुगू नव्हती. "टाकीऽऽ, सिल-बट्टा टाकीऽऽ, रोलू टाकीऽऽ!" तीन भाषांतल्या बायका एका हाकेला दार उघडायच्या. मग हळूहळू दारं उघडेनाशी झाली. आतून घर्रर्र असा मिक्सरचा आवाज यायचा आणि दादा पुढच्या गल्लीत जायचे. माय बेगमबाजारात मसाला दळायच्या दुकानात कामाला लागली. ज्या यंत्रानं नवऱ्याचं काम खाल्लं त्याच जातीच्या यंत्रात ती दिवसभर मिरची घालायची. संध्याकाळी ती घरात आली की आम्ही सगळे शिंकायचो, आणि ती दारातच पदर झटकत म्हणायची, "शिंका, शिंका. तेवढंच फुकट मिळालंय."

आज मोठ्या हॉटेलांच्या दारात पाटा-वरवंटा शोभेला मांडलेला बघते तेव्हा मी वाकून त्याची टाकी तपासते. बहुतेक ठिकाणी ती खोटीच असते. असो.

दादांची एक रीत होती. नवा दगड हातात आला की त्यावर लगेच हातोडी मारायची नाही. आधी त्याला पाणी पाजायचं. तांब्यातून तोंडभर पाणी घेऊन ते दगडावर फुर्रकन फवारायचे आणि बाजूला बसून विडी ओढायचे. विडी संपेपर्यंत दगड सुकायचा. एखादी केसाएवढी रेघ मात्र ओली राहायची. "ही शिवण," दादा बोटानं दाखवायचे. "डोळ्याला दिसत नाई, पाण्याला घावती. हितं छन्नी मारली की दगड उकलतोय." मग हातोडीनं हलकेच ठोकून ते कान लावायचे. भरीव दगड बोलतो, पोकळ दगड मुका असतो, हे मला अक्षरं यायच्या आधी येत होतं. त्यांचा दुसरा नियम असा, की तांबडं दिसलं ते कच्चं. तांबूस दगड, तांबडी माती, तांबडा थर लागला की बघायचंसुद्धा नाही, फेकून द्यायचं. ह्या दुसऱ्या नियमानं मला पुढं चांगलंच बुडवलं, ते सांगतेच.

आमचा कुत्रा त्याच पोत्यातून घरात आला. मुसी नदीच्या काठी, जिथं अर्ध्या शहराची घाण येऊन पडते, तिथं दादांना तो सापडला. काळाकुळकुळीत, गोल, गुळगुळीत पिल्लू. मायनं त्याला बघितलं आणि म्हणाली, "वरवंटा हाय की हो ह्यो!" तेच नाव पडलं, वरवंट्या. शेजारच्या खैरुन्निसा खालांना ते जमेना, त्या त्याला वरवंट्याचं उर्दू, बट्टा, म्हणायला लागल्या. दोन्ही नावांना तो सारखाच धावायचा, विशेषतः खालांच्या दारात खट्टी दाल शिजत असली की. दादांच्या फेरीत तो पुढं चालायचा आणि दादा काम करत असले की दगडातून उडालेल्या कपच्या हुंगत बसायचा.

मी कॉलेजला गेले ती आमच्या घरातली पहिली. सायन्सला नाव घालायला गेले तेव्हा बाकीचे विषय भरलेले होते, भूगर्भशास्त्रात जागा होती. घरी आल्यावर दादांनी विचारलं, "त्याच्यात काय शिकिवतेत?"

"दगड."

ते इतके हसले की विडीचा ठसका लागला. "दगड शिकायला कॉलेज लागतंय? मंग मी कोण हाय? प्रिन्शिपल?"

खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं मला दादांच्या जिवावरच सोपी गेली. बाकीची मुलं दगड हातात घेऊन पुस्तक उघडायची, मी दगड ठोकून बघायचे. इंग्रजीत मात्र मार खायचे. तिसऱ्या वर्षी प्रत्येक जोडीला एकेक डोंगर वाटून दिला, त्याचा नकाशा करायचा. मला आणि पद्माला विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या राखीव जंगलातला एक उतार आला. हैदराबाद शहर ग्रॅनाइटवर बसलंय, पण तिथून पश्चिमेला आगगाडीनं दीड-दोन तास गेलं की जमीन पालटते. तो डोंगर ज्वालामुखीचा. लाव्हा वाहत आला, गोठला, त्यावर पुन्हा वाहत आला, असा थरावर थर चढलेला, आणि सगळ्यात वर तांबड्या जांभ्याची टोपी. वर्गाबरोबर तीन दिवस जाऊन आम्ही काम केलं. मग संक्रांतीनंतर पद्माचं लग्न झालं आणि नकाशा माझ्या एकटीच्या गळ्यात पडला.

वर्गातल्या सगळ्या मुलींना अम्मा म्हणणाऱ्या आमच्या सरांनी एका शनिवारी तो बघितला. चष्मा काढला, पुन्हा घातला. "अम्मा, ये नक्शा है, कि कुंकुम का डब्बा गिर गया?"

वर्ग हसला. मी जिथं जिथं तांबडं दिसलं तिथं तिथं जांभा म्हणून रंगवून टाकलं होतं, वर, मध्ये, खाली, कुठंही. नीट बघितलं नव्हतं. तांबडं म्हणजे कच्चं, त्यात काय बघायचं? टाकीवाल्याच्या पोरीशिवाय ही चूक दुसऱ्या कुणी केली नसती.

"इस पहाड में दो लाव्हा हैं," सर नेहमीसारखं हिंदी-मराठी मिसळून म्हणाले. "दोनों के बीच की लाइन किधर है? सोमवारी लाइन लेके आना. नहीं तो तोंडी परीक्षेला बसता येणार नाही. और अकेली नहीं जाना जंगल में, घर से किसी को लेके जाना."

तोंडी परीक्षा गेली की वर्ष गेलं, वर्ष गेलं की शिष्यवृत्ती गेली, आणि शिष्यवृत्ती गेली की दुसऱ्या दिवसापासून मी मायच्या शेजारी मिरची भरायला बसणार, हे घरात न बोलता सगळ्यांना माहीत होतं. माय फक्त म्हणाली, "पाच भाकरी बांधते. तुमच्या दोघांच्या." पाच का, ते मला सकाळी कळलं. मी आणि दादा नामपल्ली स्टेशनात शिरलो आणि मागं बघितलं तर वरवंट्या. गौलीगुड्यापासून मागं आला होता.

"जा घरी!" मी ओरडले. तो बसला.

"येऊ दे," दादा म्हणाले. "रोज फेरीला येतोय. आज तर लांबची फेरी."

पॅसेंजर सुटली तेव्हा वरवंट्या पोत्यात होता, हातोड्यांच्या शेजारी. शहर संपून खडकाळ माळ लागला आणि टीसी आला. त्यानं तिकिटं बघितली, मग पोतं बघितलं. पोतं श्वास घेत होतं.

"थैले में क्या है चाचा?"

"सिल-बट्टे का काम करतूं साब," दादा अगदी गरिबीनं म्हणाले. "हातोडी है, छन्नी है, बट्टा है."

नाव ऐकल्याबरोबर पोत्यातून आनंदानं भुंकणं आलं. सगळा डबा फिस्सकन हसला. टीसीनं पोत्याकडं बघितलं, दादांकडं बघितलं, माझ्या हातातल्या नकाशाच्या गुंडाळीकडं बघितलं. "पैंतीस साल का हुआ मैं," तो म्हणाला, "भौंकनेवाला बट्टा आज देखा. विकाराबाद में उतारको ले जाओ, नीचे नक्को छोड़ो." आणि पुढं गेला. पुढच्या स्टेशनात त्यानं स्वतःच्या चहातलं बिस्कीट पोत्यात टाकलं, हे मी इथं त्याच्या कौतुकासाठी लिहून ठेवते.

जंगलाच्या चौकीवर एक म्हातारा पहारेकरी होता, नाव मल्लय्या. आधी तेलुगूत ओरडला, मग आमचे चेहरे बघून हिंदीत आला. "कुत्तेकू खुल्ला नक्को छोड़ो. मोरां हैं, हिरन हैं. रस्सी बांधो." दादांनी पोत्याची दोरी काढून वरवंट्याच्या गळ्यात बांधली. आयुष्यात पहिल्यांदा दोरी लागली म्हणून तो इतका रुसला की पन्नास पावलं जमिनीवर बसून घसटत आला. मग वास यायला लागले. शहरातल्या कुत्र्याला ते वास म्हणजे काय वाटले असतील! कान टवकारले, शेपूट वर गेली आणि तो आम्हाला ओढतच निघाला. सागाची मोठाली वाळकी पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. कुठंतरी मोर ओरडला की वरवंट्या थांबायचा, आमच्याकडं बघायचा, "ऐकलं का?" असं तोंड करून पुन्हा ओढायचा.

पहिला उघडा कातळ लागला तिथं दादा थबकले. पोतं खाली ठेवलं. काळा दगड होता. हातोडी काढून त्यांनी तो ठोकला आणि कान लावला. पुन्हा ठोकला. त्यांचा चेहरा असा झाला की मी घाबरले.

"काय झालं दादा?"

"अगं, ह्यो आपला हाय. गावाकडचा!" ते जवळजवळ ओरडले. "हैदराबादचा दगड पांढरा, त्याचा आवाज कसा, ताशासारखा. ह्याचा आवाज आपल्या विहिरीच्या काठाचा हाय. हितं कसा आला ह्यो?"

"वाहत आला, दादा. इथून उदगीरपर्यंत, आणि त्याच्याही पुढं, सगळा लाव्हाच." वर्गात तोंडपाठ केलेलं वाक्य होतं, पण त्या दिवशी मलाच ते पहिल्यांदा खरं वाटलं. दादांनी कातळावर तळहात ठेवला. मग एकदम म्हणाले, "चल, तुजी रेघ हुडकू."

दुपारपर्यंत हुडकली. चढलो, उतरलो, काट्यांत शिरलो. वर जांभा, खाली काळा दगड, आणि मधला सगळा भाग झुडपांनी आणि घसरून आलेल्या तांबड्या मातीनं झाकलेला. नकाशावर एक ठिपकाही वाढला नाही. ऊन चढलं, बाटलीतलं पाणी संपलं. आम्ही सागाखाली बसून भाकरी आणि अंबाडीच्या चटणीचं गाठोडं सोडलं. पाचवी भाकरी वरवंट्याची. मायला आमच्याआधीच सगळं ठाऊक होतं. पण वरवंट्यानं भाकरीला तोंड लावलं नाही. जीभ लोंबत होती. दादांनी दोरी गुडघ्याखाली दाबली होती, पाणी नाही म्हणून उठून बाटली उलटी करून बघायला लागले, आणि तेवढ्यात दोरी सुटली. वरवंट्या झुडपात शिरून दिसेनासा झाला.

मी हाका मारून मारून घसा बसवला. मल्लय्यानं बजावलेलं आठवत होतं, सूर्य कलायला लागला होता, रेघ सापडली नव्हती आणि आता कुत्राही गेला. मी कातळावर बसले आणि रडले, हे लपवत नाही. दादा विडी ओढत बसले, दगडाला पाणी पाजून बसायचे तसेच.

विडी संपता संपता तो आला. उडतच आला, माझ्या अंगावर पडला, आणि मांडीवर पसरलेल्या नकाशावर त्याचा एक पाय उमटला. तांबडा. ओला.

"अरे मेल्या, माझा नकाशा!" मी त्याला ढकलला. दादांनी मात्र त्याचा पाय धरला, बोटानं ती माती चोळली, त्याच्या नाकाला हात लावला.

"ह्यानं पाणी पेलंय," ते म्हणाले. "ह्या उन्हात पाणी कुठलं? आन् ही माती बघ. वरची तांबडी माती चुरचुर हाय. ही लोण्यावानी."

दादांनी तांबड्या मातीकडं नीट बघितलं, असं मी पहिल्यांदाच बघत होते. आम्ही वरवंट्याच्या मागं पळालो. पळालो म्हणजे खरंच, दादासुद्धा, पोतं खांद्यावर आपटत. करवंदीच्या जाळीखालून सरपटत गेलो आणि पलीकडं एक कमरेएवढी दरड होती. तिच्या पोटातून पाणी येत होतं. धार नव्हती, नुसता पाझर, पण बशीएवढं डबकं भरलेलं. पाण्याच्या वर काळा, भरीव, उभ्या भेगांचा दगड. पाण्याच्या खाली काळाच, पण भोकाभोकांचा, भोकांत पांढऱ्या गारा भरलेल्या. आणि दोघांच्या मधोमध हातभर जाडीचा, विटेसारखा तांबडा, मऊ थर.

मी तिथंच नाचले. "दादा! हीच! हीच ती!"

"कुठं हाय?"

"हा तांबडा थर! खालचा लाव्हा आधी आला, गोठला. मग खूप वर्षं नुसता पडून राहिला, त्याची माती झाली. मग वरचा लाव्हा आला, आणि ती माती भाजून निघाली. भट्टीत वीट भाजते तशी. वरून मुरलेलं पाणी भेगांतून उतरतं, ह्या चिकण मातीवर अडतं आणि इथं बाहेर फुटतं!"

दादा गुडघ्यावर बसले. "मंजे दोन भाकरींच्या मधी ठेचा." मग थरावरून बोट फिरवत, "शिवण हाय ही. डोंगराची शिवण." आणि खाली मान घालून, "आन् मी जन्मभर तांबडं फेकत आलो."

एक जागा सापडली म्हणजे रेघ होत नाही, ती सगळ्या उतारावर ओढत न्यायला हवी, आणि पुढं तर सगळं झाकलेलं. हातात उजेड दोन तासांचा. तेव्हा दादांनी हातोडी उचलली. झुडपांतून जो दगड डोकावत होता तो ठोकला. टण्ण. "वरचा. भरीव." चार पावलं खाली, दुसरा. धप्प. "खालचा. भोकाचा. तुजी रेघ ह्या दोघांच्या मधी." मी खूण केली. वरवंट्या, आता पुन्हा दोरीत, ओलसर गारव्याच्या वासानं पुढं ओढायचा, तो थांबून उकरायला लागला की तिथं हमखास तांबडी चिकण माती निघायची. टण्ण, धप्प, खूण. टण्ण, धप्प, खूण. मी घामानं निथळत होते, हात काट्यांनी सोलले होते आणि इतकी खूश होते की पुढं कितीतरी डोंगर पालथे घातले, पण तसे दोन तास पुन्हा आले नाहीत. दादा प्रत्येक ठोक्याला मोठ्यानं ओरडत होते, "बोलतोय!" "मुका!" जसं काही बंद झालेल्या सगळ्या गल्ल्यांची दारं एकदम उघडली होती.

आवाज ऐकून मल्लय्या आला, काठी उगारूनच. कुत्रा दोरीत बघून काठी खाली केली. परतताना त्यानंही त्या डबक्यात हात बुडवला आणि म्हणाला, "ऐसे ऐसे झरे मिलको मुसी बनती."

"कुठली मुसी?" दादांनी विचारलं.

"मुसी कितनी हैं? तुम्हारी हैदराबाद की मुसी."

दादांनी वरवंट्याकडं बघितलं. ज्या नदीच्या घाणीत तो सापडला तिचंच पाणी तो पीत होता, लपालपा, शेपूट हलवत. दादांनी दोन्ही हातांची ओंजळ केली आणि तेही प्यायले.

सोमवारी डोंगरावरचा कच्चा नकाशा तसाच द्यावा लागला, त्यात नंतर खाडाखोड चालत नव्हती. सरांनी रेघ बोटानं शेवटपर्यंत नेली. मग बोट थांबलं. "ये कौनसा चिन्ह है? सूचीत तर नाही."

"सर, तो कुत्र्याचा पाय आहे."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "और ये झाड़ी के नीचे लाइन कैसे खींची? इधर तो कुछ दिखता नहीं."

"ऐकून, सर. माझे वडील पाट्याला टाकी लावतात. ते दगड ठोकून सांगतात."

सरांनी माझ्याच नमुन्यांची पिशवी घेतली, मला पाठ करून उभं केलं आणि एकेक दगड ठोकला. वरचा, सर. खालचा, सर. वरचा. वरचा. खालचा. आठव्या दगडाला सर म्हणाले, "बस अम्मा. बैठ जाओ. तोंडी परीक्षेची तयारी करो." पंधरा दिवसांनी ते स्वतः डोंगरावर जाऊन आले, रेघ तपासून. पुढच्या वर्षीच्या मुलांना त्यांनी हातोडीचा आवाज ऐकायला शिकवलं, हे मला नंतर समजलं.

तो नकाशा माझ्याकडे अजून आहे. वरवंट्या पुढं नऊ वर्षं जगला. दादांनी टाकीची फेरी शेवटपर्यंत सोडली नाही, घरं कमी झाली तरी. मी सरकारच्या पाणी खात्यात लागले आणि जमिनीखालच्या तांबड्या थरांवर बसलेलं पाणी शोधत नोकरी पुरी केली. पण ते सगळं नंतरचं. त्या उन्हाळ्यात निकाल लागला तेव्हा मायनं दुकानातून अर्धा दिवस सुट्टी घेतली, मिरचीच्या हातानंच माझ्या तोंडात साखर घातली, आणि आम्ही दोघी शिंकत शिंकत हसलो. दादांनी निकालाचा कागद उलटा धरला होता. मी तो सुलटा केला आणि वाचून दाखवला: पहिला वर्ग. गौलीगुड्यातल्या टाकीवाल्याची मुलगी बी.एस्सी. झाली होती, विषय भूगर्भशास्त्र.